अध्यक्षांच्या टाळ्या

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या नाट्यगीतांना मी एका इंग्रजी रॉक बँडच्या टाळ्या जोडल्या, ही गोष्ट शारजात आता फारशी कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. ज्यांना आठवते त्यांनाही ती उलटी आठवते. त्यांच्या मते टाळ्या खऱ्याच होत्या, मीच नंतर काहीतरी घोळ घातला. म्हणून जसं झालं तसं एकदा लिहून ठेवतो.

नव्वदीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी एका स्टील फॅब्रिकेशन कंपनीत एस्टिमेटर होतो. आधी आमचं वर्कशॉप शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात होतं, घरापासून दहा मिनिटांवर. मग कंपनीनं हमरिया फ्री झोनमध्ये मोठं यार्ड घेतलं आणि माझं रोजचं जाणं-येणं वाढलं. गाडीचा एसी कुरकुरत चालायचा, पण कॅसेट प्लेअर उत्तम होता, आणि त्यात बाराही महिने एकच कॅसेट असायची. सत्तरच्या दशकातल्या एका ब्रिटिश बँडचा लाइव्ह अल्बम. पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर मी त्याची कॉपीची कॉपी ऐकली होती. त्यात गिटार कुठली आणि पंख्याची घरघर कुठली हे कळत नसे. गल्फमध्ये आल्यावर पहिल्या पगारात मी ओरिजिनल कॅसेट घेतली. बायकोनं त्या महिन्यात प्रेशर कुकर मागितला होता. तो पुढच्या महिन्यात घेतला.

या कॅसेटमुळे मी स्वतःला जरा वरच्या दर्जाचा माणूस समजत असे. मंडळातली बाकीची मंडळी भावगीतं ऐकायची, क्रिकेटवर बोलायची, सोनं कुठं स्वस्त आहे ते एकमेकांना सांगायची. मी मात्र रॉक ऐकायचो, तेही लाइव्ह. "स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगमध्ये माणसं नसतात," असं एक वाक्य मी तयार करून ठेवलं होतं. ते ऐकवायला कुणी भेटत नसे ही गोष्ट वेगळी. मी स्वतः एकाही कॉन्सर्टला गेलो नव्हतो. पण त्या अल्बममधले श्रोते मला शेजाऱ्यांपेक्षा जास्त ओळखीचे झाले होते. दुसऱ्या गाण्यानंतर डाव्या स्पीकरमध्ये एक बाई किंचाळते. चौथ्या गाण्याच्या शेवटी कुणीतरी दोन बोटं तोंडात घालून लांब शिट्टी मारतो. शेवटच्या गाण्याआधी जी गर्जना उठते ती आली की मी अ‍ॅक्सिलरेटर थोडा जास्त दाबायचो.

"अहो, यात गाणं कमी आणि दंगलच जास्त आहे," बायको म्हणायची.

आता अध्यक्षांबद्दल. पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ, अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका मोठ्या कंपनीत सेफ्टी मॅनेजर. आठवडाभर तिकडे कंपनीच्या खोलीत राहायचे आणि शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी संध्याकाळी शारजाला बायकोकडे यायचे. त्या दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये त्यांचा रियाज व्हायचा. सगळे त्यांना अध्यक्षच म्हणत. त्यांची बायको, आमच्या वहिनी, त्यासुद्धा चारचौघांत "अध्यक्ष, चहा घेणार का?" असं विचारत. मंडळात दर दोन वर्षांनी निवडणूक व्हायची आणि दर दोन वर्षांनी तेच निवडून यायचे, कारण हॉलवाल्याशी, केटररशी आणि परवानगीच्या कागदांशी भांडायला दुसरं कुणी तयार नसे. या सेवेच्या बदल्यात ते वर्षातून एकदा आम्हाला गाणं ऐकवत. तंबोऱ्याचं मशीन, पेटी, तबला आणि सात नाट्यगीतं. सूर पहिल्या दोन गाण्यांपर्यंत बरोबर असायचा. तिसऱ्यापासून तो आणि अध्यक्ष वेगवेगळे चालायचे.

मी त्यांना हसत असे, पण मनातल्या मनात. कारण माझ्यावर त्यांचा एक उपकार होता. मुलीच्या जन्माच्या वेळी बायकोला अचानक कळा सुरू झाल्या तेव्हा मी साइटवर अडकलो होतो. शुक्रवार होता. अध्यक्ष तिला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले आणि मी पोहोचेपर्यंत पाच तास बाकावर बसून राहिले. मी नंतर हॉस्पिटलचा फॉर्म पाहिला. नातं, या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'पेशंटचा मोठा दीर'.

तर त्या वर्षी दिवाळीचा कार्यक्रम एका इंडियन स्कूलच्या हॉलमध्ये होता, शुक्रवारी दुपारी. आधी मुलांचे नाच, मग अध्यक्षांचं गाणं, मग जेवण. अध्यक्षांनी आपलं गाणं मुद्दाम जेवणाआधी ठेवलं होतं. जेवल्याशिवाय मराठी माणूस हॉल सोडत नाही, असा त्यांचा अनुभव. तो खरा ठरला. कुणी हॉल सोडला नाही. फक्त दुसऱ्या गाण्याला केटररनं मागच्या बाजूला झाकणं उघडली आणि मसालेभाताचा वास पसरला. एकेक रांग अदबीनं उठली. कुणी फोन आल्यासारखं केलं, कुणी मुलाला बाथरूमला न्यायचं आहे असा चेहरा केला. चौथ्या गाण्यापर्यंत सगळे मागच्या लायनीत होते आणि पुढे खुर्च्यांवर वहिनी, दोन आजोबा आणि खुर्चीतच झोपलेलं एक बाळ. अध्यक्ष डोळे मिटून गात होते. ते नेहमीच डोळे मिटून गात.

मी साउंडच्या टेबलाशी होतो. मंडळात बरा कॅसेट डेक माझ्याकडेच होता, म्हणून रेकॉर्डिंग दर वर्षी माझ्याकडे.

पुढच्या शुक्रवारी अध्यक्ष घरी आले. कॅसेट ऐकायला मागितली. आम्ही तिघं दिवाणखान्यात बसून ऐकू लागलो. चौथं गाणं संपलं. कॅसेटमधून स्टीलच्या ताटांचा आवाज आला, मग एक बाई स्पष्ट म्हणाली, "श्रीखंड संपेल हं, आधी ते घे." मग टाळ्या. एकूण तीन माणसांच्या. त्यातला एक मी होतो.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "टाळ्या नीट आलेल्या नाहीत."

मी कॅसेट थांबवली.

"माइक कुठं ठेवला होतास तू?"

खरं सांगायची ती वेळ होती. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तुमच्या बाजूला होता. ऑडियन्सच्या बाजूनं घेतलंच नाही. माझी चूक झाली."

"तेच म्हणतो मी!" त्यांचा चेहरा उजळला. "अरे, पुण्याला आमच्या थोरल्या दादांना पाठवायची आहे ही. लहानपणी मला पेटीजवळ फिरकू देत नसत ते. म्हणायचे, तुझा गळा दवंडीच्या कामाला बरा. यात टाळ्या थोड्या नीट करता येतील का? टेक्निकली?"

"बघतो," मी म्हणालो.

"इथल्यासारखं इन्शाल्ला म्हणून टाळू नकोस. बघतो म्हणालास ना, मग नक्की कर."

इथं मी थांबू शकलो असतो. थोडे हात वाजवून, चार मित्रांना बोलावून काम भागलं असतं. पण माझ्यातला जाणकार जागा झाला. मला माझ्या अल्बमच्या टाळ्या दिसू लागल्या, एकेक निवडून काढलेल्या. दुसऱ्या शुक्रवारी सकाळी मंडळाचा मिक्सर घरी आणला, दोन डेक जोडले आणि कामाला बसलो. इतकं मन लावून मी कंपनीसाठी एकही एस्टिमेट केलं नसेल. साध्या तानेला मधल्या प्रतीचा प्रतिसाद. भैरवीला मोठा. गर्जना हळूहळू चढवायची, हळूहळू उतरवायची, आणि पुढच्या गाण्याचा ड्रम पडायच्या आत कापायची, नाहीतर नाट्यगीताच्या शेवटी धडाम.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. "इतक्या नकोत हो. मराठी माणसं आहेत. जरा हात आखडता घ्या."

"लाइव्हमध्ये एनर्जी लागते."

"एनर्जी कसली? हे लोक पेटल्यासारखे ओरडतायत. आपल्याकडे अशा वेळी 'वा' म्हणतात आणि मान हलवतात."

मी आवाज थोडा कमी केला. बाईची किंचाळी मात्र एका जागी निसटली, ती मला ऐकू आली नाही. रोज ऐकून ऐकून ती माझ्या कानाला शांततेचाच भाग झाली होती.

अध्यक्षांनी ती कॅसेट मुसफ्फाला जाताना गाडीत ऐकली. मला ऑफिसात फोन आला. मी फोरमनशी बोलत होतो, त्याला खुणेनं थांबवलं. पलीकडे बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज.

"मी गाडी बाजूला घेतली आहे," ते म्हणाले. "अरे, मला त्या दिवशी काहीच ऐकू आलं नव्हतं रे. स्टेजवर लाइट असतात, आपण सुरात असतो. समोर एवढं चाललं होतं आणि मला पत्ताच नाही."

मला वाटलं होतं ते हसतील. निदान डोळा मारतील. टेक्निकली, हा शब्द त्यांनी डोळा मारूनच वापरला असणार, असं मी धरून चाललो होतो. फोरमन समोर उभा होता. मी म्हणालो, "हो ना. फारच चाललं होतं."

महिनाभरात कमिटीत प्रत्येकाकडे कॅसेटची कॉपी गेली. मला वाटलं, आता बिंग फुटणार. हे लोक तिथं होते, लायनीत का होईना. पण झालं भलतंच. पहिल्याच मीटिंगला खजिनदार म्हणाले, "अध्यक्ष, काय टाळ्या होत्या! मी तर शेवटपर्यंत उभाच होतो. बसायला जागा कुठं होती?" ते उभे होते हे खरं होतं. पुरीच्या कढईसमोर. उपाध्यक्ष म्हणाले, त्यांच्या अंगावर काटा आला होता. एका काकूंनी टाळ्या वाजवून बांगडी पिचल्याचं सांगितलं. आठवण एकदा सुरू झाली की माणूस मागे राहायला तयार नसतो. महिन्याभरापूर्वी ज्यांनी गाणं सोडून ताट धरलं होतं, त्यांनीच आता मला विचारलं, "तुम्ही होतात ना त्या दिवशी? की चुकलं तुमचं?"

फक्त सेक्रेटरींना एक शंका होती. "भैरवीनंतर एक बाई ओरडते, ती कोण? आपल्यातली वाटत नाही."

सगळे विचारात पडले. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो.

"कुणी फॉरेनर असतील," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "शाळेच्या आवारात काहीतरी चाललेलं असतं. आवाज ऐकून आल्या असतील आत. संगीताला भाषा नसते."

सेक्रेटरींनी ते वाक्य मिनिट्समध्ये लिहून घेतलं.

पुण्याहून दादांचा फोन आला. अध्यक्षांनी तो मला शब्दशः सांगितला, दोनदा. दादा म्हणाले होते, पुण्यातसुद्धा हल्ली इतका रसिक श्रोता राहिलेला नाही. झालं. कमिटीनं एकमतानं ठरवलं की अध्यक्षांचा स्वतंत्र, पूर्ण कार्यक्रम करायचा. शाळेचा हॉल लहान पडेल, म्हणून हॉटेलचा बँक्वेट हॉल. आणि जेवण नाही. फक्त चहा, तोही शेवटी. रसिकांना जेवणाची लालूच कशाला?

तारीख ठरवताना कुणी क्रिकेटचं टाइमटेबल पाहिलं नाही. त्या शुक्रवारी शारजाच्या स्टेडियमवर भारताची मॅच होती. दुपारपासून सगळे रस्ते झेंडे लावलेल्या गाड्यांनी भरले. चार वाजता हॉलमध्ये तीनशे खुर्च्या आणि चाळीसेक माणसं. खजिनदार, ज्यांना मागच्या खेपेस बसायला जागा मिळाली नव्हती, ते स्टेडियममध्ये बसले होते.

बायको आणि आठ वर्षांची मुलगी दुसऱ्या रांगेत होत्या. मी साउंडच्या टेबलाशी. येताना मी गाडीतली माझी कॅसेट काढून खिशात घातली होती. का, ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पण टेबलाशी बसल्यावर ती डेकमध्ये घातली आणि मधल्या प्रतीच्या टाळ्या जिथं आहेत तिथं आणून ठेवली.

अध्यक्षांनी पहिलं गाणं चांगलं म्हटलं. खरंच चांगलं. ते संपलं, त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले, दोन्ही हात नमस्कारासाठी जोडले आणि वाट पाहू लागले. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तो आवाज पत्ते पिसल्यासारखा आला आणि थांबला. अध्यक्षांचे हात जोडलेलेच. मग त्यांनी डोळे उघडले आणि रिकाम्या खुर्च्यांकडे न बघता थेट माझ्याकडे पाहिलं. भुवई उंचावून, हळूच. माइक चालू आहे ना?

मी बटण दाबलं.

अख्ख्या लंडनच्या घशातून निघावी तशी गर्जना स्पीकरमधून बाहेर पडली. चाळीस माणसं दचकून मागे वळली. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. माझी मुलगी खुर्चीवर उभी राहिली आणि हात वर करून ओरडली, "मम्मा! दॅट्स बाबाज टेप! द कार टेप!"

"खाली बस," बायको म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत होती.

मी आवाज कमी करायला गेलो आणि घाईत उलटीकडे सरकवला. डावीकडची बाई किंचाळली. मग ड्रम पडला, गिटार सुरू झाली, आणि तबलजीनं, जो दिवसा एका फ्रेट कंपनीत क्लिअरिंगचं काम करायचा आणि कुठल्याही लयीला नाही म्हणत नसे, सवयीनं ठेका धरला. मला थांबवायचं बटण सापडेना. शेवटी मी प्लगच ओढला. तंबोऱ्याचं मशीनसुद्धा त्याच बोर्डावर होतं, तेही बंद पडलं.

इतकी शांतता मी त्यानंतर ऐकलेली नाही.

अध्यक्ष माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली: मीटिंग, फॉरेनर बाई, दादांचा फोन, मुसफ्फाच्या रस्त्यावर बाजूला घेतलेली गाडी. सेफ्टीचा माणूस. अपघात कुठून सुरू झाला ते उलटं मोजत जायची त्यांना सवय होती. पाच सेकंदांत ते मुळाशी पोहोचले.

मग ते माइकशिवायच म्हणाले, "पाहुण्यांचं झालं असेल तर मी पुढचं घेतो."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. त्यांनी मशीनशिवाय, नुसत्या पेटी-तबल्यावर पुढची सहा गाणी म्हटली. या वेळी डोळे उघडे ठेवून. सूर तिसऱ्या गाण्याला नेहमीप्रमाणे सुटला, त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. पण चाळीसपैकी एकही माणूस उठला नाही. डोळे उघडे असलेल्या गायकासमोरून उठणं जमत नाही.

पार्किंगमध्ये त्यांनी मला गाठलं. वहिनी माझ्या बायकोशी बोलत थोड्या मागे होत्या.

"पहिल्या कॅसेटमधल्यासुद्धा याच का?"

"हो."

"सगळ्या?"

"तीन सोडून."

ते बराच वेळ किल्ल्यांचा जुडगा हातात फिरवत राहिले. "मी तुला टाळ्या नीट कर म्हणालो होतो," ते म्हणाले. "लोक बदल म्हणालो नव्हतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. हॉस्पिटलचा विषय काढला, त्यांना वाईट वाटू नये म्हणून केलं असं म्हणालो. ते ऐकून त्यांना आणखी वाईट वाटलं असावं. ते गाडीत बसले आणि निघून गेले.

तीन शुक्रवार ते आले नाहीत. चौथ्या शुक्रवारी सकाळी बेल वाजली. सोफ्यावर बसून म्हणाले, "ती लाव. पूर्ण. बघू तरी, कुणाच्या टाळ्या घेतल्या मी."

अल्बम सव्वा तासाचा. ते सबंध वेळ पाठ ताठ ठेवून बसले. बायकोनं चहा आणला, तो निवला. मधे एकदा त्यांनी बोट वर केलं. "गाणारा उतरतोय. तिसऱ्या गाण्यापासून."

मी शेकडो वेळा ऐकलं होतं. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

संपल्यावर ते म्हणाले, "गळा यथातथाच आहे. पण हा माणूस गाण्यांच्या मधे लोकांशी बोलतो. विचारपूस करतो, थट्टा करतो. मी इतकी वर्षं गातोय, पण कुणाशी एक शब्द बोललो नाही. डोळे मिटले की सुरू, आणि उघडले की खलास."

पुढच्या गुढीपाडव्याला त्यांनी हे अमलात आणलं. पहिल्या गाण्याआधी ते दोन मिनिटं बोलले. गल्फमध्ये नवीन नवीन आले तेव्हा साबणाच्या जागी काय विकत आणलं त्याची गोष्ट. हॉल हसला. दुसऱ्या गाण्याआधी मुसफ्फातल्या सेफ्टी ड्रिलची गोष्ट, ज्यात आग विझवायला सगळे हजर होते पण मॅनेजर लिफ्टमध्ये अडकले होते. हॉल लोटपोट. तिसऱ्या गाण्यापर्यंत ते पोहोचलेच नाहीत. मागे केटररनं झाकणं उघडली तरी लोक जागचे हलले नाहीत. शेवटी टाळ्या झाल्या त्या खऱ्या, मराठी माणसांच्या, हात न आखडता दिलेल्या.

पुढे आजूबाजूच्या मंडळांकडून त्यांना आमंत्रणं येऊ लागली. अबू धाबी, दुबई, एकदा मस्कतसुद्धा. पत्रिकेवर आधी 'गायन व किस्से' असायचं, मग 'किस्से व गायन', मग नुसतंच 'किस्से'. पेटी ते प्रत्येक ठिकाणी घेऊन जात. ती स्टेजवर बाजूला उघडी असायची.

पण हे सगळं पुढचं. त्या पाडव्याच्या कार्यक्रमाची कॅसेट घ्यायला ते आले तेव्हा म्हणाले, "दादांना पाठवायची आहे. यातलं बोलणं तेवढं काढून टाक. फक्त गाणी ठेव."

"गाणी अकरा मिनिटांची आहेत," मी म्हणालो.

"मग अकरा मिनिटांची दे."

"नाही," मी म्हणालो. त्यांना नाही म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. "जसं झालं तसंच देईन. हवं तर घ्या."

ते रागावून निघून गेले. कॅसेट टेबलावरच राहिली. संध्याकाळी वहिनी येऊन ती घेऊन गेल्या. जिना उतरता उतरता म्हणाल्या, "आहे तशीच पाठवते मी दादांना, पोस्टानं. अध्यक्षांना सांगू नका."